सावकाश चालवलेला प्रोसेसर

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे, आणि सध्या भयंकर रागावलेला आहे. कॉम्प्युटरमध्ये सगळी आकडेमोड करतो तो तुकडा म्हणजे मी: चिनीमातीचं पांढरं अंग आणि चाळीस पाय. माझा राग कदाचित चुकीचाही असेल. पण आधी ऐकून तर घ्या.

माझ्या जातीचे फारसे निघालेच नाहीत. कारखान्याने दोन वर्षांतच आम्हाला बनवणं सोडलं. मी एका कापड गिरणीत एकोणीस वर्षं मागांना नक्षी सांगितली. कोणता दोरा वर, कोणता खाली, ते मी ठरवायचो. माझे प्रोग्रॅम गिरणीतली एक ताई लिहायची. एकही दोरा चुकला नाही, असं साहेब म्हणत. (एकदा चुकला होता, पण ते असो.)

मग नवी यंत्रं आली आणि मी अडगळीत गेलो. ताईच्या धाकट्या भावाने मला मागून नेलं. तो रेडिओ दुरुस्त करायचा. माझ्याभोवती घरच्या घरी कॉम्प्युटर बांधायचा आणि त्यावर ताईचे जुने प्रोग्रॅम एक अक्षरही न बदलता चालवायचे, असं त्याने मनावर घेतलं. दीड वर्ष तो वायरी सोलत आणि जोडत बसला.

पण चार आकडे मोजले की मी सगळं विसरायचो. "म्हातारा झालाय बिचारा," म्हणून तो मला आणखी सावकाश चालवायचा. मी आणखी विसरायचो. आम्हाला चाळीस पाय देतात, तोंड मात्र देत नाहीत!

हौशी मंडळींचं प्रदर्शन एका दिवसावर आलं, तेव्हा त्याने कहर केला. माझी नक्कल करणारा नखाएवढा नवा प्रोसेसर बोर्डाखाली लपवला, माझी वीज तोडली आणि मला पुसूनबिसून वर तसाच बसवला. उत्तरं तो देणार, टाळ्या मला! प्रदर्शन संपलं की माझी रवानगी कायमची काचेच्या पेटीत.

दुपारी ताई बघायला आली. पडद्यावर तिची नक्षी भराभर उमटली. भावाची छाती फुगली. ताईने माझ्या पाठीवर बोट ठेवलं.

"गार आहे हा."

"पंखा लावलाय ना, ताई."

"पंखा? अरे, याच्यावर आम्ही डबे गरम करायचो! खरं बोल."

भावाने मान खाली घातली. "अगं, विसरतो तो. अगदी सावकाश चालवलं तरी विसरतो."

"तरी नव्हे, म्हणून! ठरलेल्या वेगाखाली नेलं की याच्या हातातले आकडे गळून पडतात. गिरणीत पहिल्या आठवड्यात मीही हीच माती खाल्ली होती. मला विचारायला काय झालं होतं?"

"तुला वाटलं असतं, मला जमत नाही."

"जमत नव्हतंच की, शहाण्या!"

त्याने तो नकल्या उपटून काढला, माझी वीज जोडली, वेग वाढवला. पहिली ओळ उमटली. दुसरी उमटली. अख्खी नक्षी पुरी झाली. "वा रे म्हाताऱ्या!" भाऊ डोळे पुसत म्हणाला. मला तेही आवडलं नाही.

मित्रांनो, शेवटी 'जुन्या वस्तू जपा' असं सांगायचं असतं. पण जपता जपताच त्याने मला जवळजवळ संपवलं होतं. आम्हाला कसं चालवायचं ते माहीतगाराला विचारा, आणि मग आमच्याकडून काम घ्या. खरंच थकलो, तर तोंडावर सांगा. पण आमच्याखाली दुसऱ्याला लपवू नका.

उद्या सकाळी प्रदर्शन आहे. तिथे काही चुकलं, तर ती चूक माझी असेल.