बिनजोड तार

आनंदीबाईंनी पदर सावरला, मायक्रोफोनच्या दांड्याला हात लावला, ‘माझा गंगाधर’ एवढं म्हटलं, आणि मैदानातले चारही कर्णे एकदम खरखरून गप्प झाले.

लालबागच्या त्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. गेल्या जानेवारीत चळवळीतल्या लोकांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्यांना वर्ष झालं म्हणून सभा भरली होती. भाषणं बरीच झाली होती; पण लोक थांबले होते ते या बाईसाठी. तिचा एकुलता एक मुलगा त्या गोळीबारात गेला होता. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मागच्या गर्दीतून ‘आवाज, आवाज’ अशी ओरड सुरू झाली. कुणीतरी शिट्टी मारली. बाई बोलता बोलता थांबल्या, समोर बघत राहिल्या आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून निघून गेल्या. लोकांना आपलं बोलणं नको आहे, असंच त्यांना वाटलं असणार.

मनमोहन हे सगळं समोरच्या चाळीतल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीच्या खिडकीतून पाहत होता. अॅम्प्लिफायर त्याच्या पुढ्यात होता, दिवे पेटलेले होते. कुठे काय झालं ते शोधायला त्याला खाली उतरावं लागलं नाही. तार कुठे सुटली असेल ते तो जागेवरून सांगू शकला असता.

ती तार त्यानेच आणवली होती. मनमोहन गिरगावातला, फोर्टातल्या एका मोठ्या कंपनीच्या स्टोअर खात्यात कारकून. घाऊक माल घ्यायचा आणि जपायचा हे त्याचं रोजचं काम, आणि रेडिओ उघडून बसणं हा जुना नाद. आधीच्या एका सभेत दगडफेक होऊन व्यासपीठाजवळचा अॅम्प्लिफायर फुटला, तेव्हा तो यापुढे चाळीतल्या खोलीत ठेवावा आणि तिथून मायक्रोफोनपर्यंत लांब तार न्यावी असं ठरलं. साध्या तारेतून इतक्या लांबून नुसती घरघरच येईल, असं मनमोहनने सांगितलं. रे रोडच्या भंगारवाल्याकडे लढाईच्या वेळची कोअॅक्शियल केबल त्याने बघून ठेवली होती. मधोमध तांब्याची एक तार, तिच्याभोवती पांढरं कवच, त्यावर तांब्याची बारीक जाळी आणि वर काळं आवरण. बाहेरची घरघर ती जाळीच अडवते.

चळवळीच्या समितीतल्या लोकांना हवे तेवढे तुकडे घ्यायचे होते. मनमोहनने अख्खं रीळ घ्यायला लावलं. तुकडे घेतले तर महाग पडतात, आणि प्रत्येक तुकड्यागणिक एक जोड येतो. जोड आला की तिथे आवाज दगा देणार. अख्खी तार घेतली तर ती बिनजोड राहील, गणपतीतही चालेल, आणि उरलेली चाळीतल्या रेडिओंच्या एरियलला वापरता येईल. त्याने हे इतकं पटवून सांगितलं की समितीचे प्रमुख अप्पा, एरवी दहा वेळा विचार करणारे निवृत्त शिरस्तेदार, लगेच हो म्हणाले. रीळ जपायला मनमोहनच्याच घरी आलं.

महिनाभर ते पलंगाखाली होतं. मग एका रविवारी त्याने त्यातली साठेक फूट तार कापली आणि गच्चीवरच्या खांबावर स्वतःच्या रेडिओचं एरियल उभं केलं.

“ही सभेची ना?” राजलक्ष्मीने, त्याच्या बायकोने, विचारलं.

“एवढी उरणारच आहे,” तो म्हणाला.

उरली नाही. या वेळी व्यासपीठ मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला घ्यायचं ठरलं. दगडू पावलं मोजून आला आणि किती तार लागेल ते त्याने सांगितलं. दगडू गिरणीतला वायरमन. सभेच्या तारा टाकणं, कर्णे बांधणं हे सगळं तोच करी. त्याच्या हिशेबाने तार वीसेक फूट कमी पडत होती. एरियल उतरवायचं तर खांबावर चढायला माणूस बोलवायचा, शेजारीपाजारी विचारणार, समितीच्या कानावर जाणार. मनमोहनने घरातली साधी तार घेतली, तिचं टोक रिळातल्या तारेच्या टोकाशी पिळून जोडलं, वर काळी पट्टी गुंडाळली आणि तो जोड आत जाईल असं रीळ पुन्हा भरलं. जोड पक्का करायला कथलाचा डाक द्यायलाही तो बसला नाही. दगडूला त्याने काही सांगितलं नाही. गर्दीत कुणाचा तरी पाय त्या जोडावर पडला असणार.

हे इतकंच असतं तर मनमोहनला ते कधीतरी पचलं असतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समितीच्या खोलीत दगडू म्हणाला, की तार जोडापाशी सुटली होती. सगळ्यांनी मनमोहनकडे पाहिलं.

“अख्ख्या रिळात एकही जोड नव्हता,” मनमोहन म्हणाला.

तो हे इतक्या शांतपणे म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. दगडूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तो वाद घालेल असं मनमोहनला वाटलं होतं. त्याने घातला नाही. मग कुणीतरी म्हणालं, की नेमकी आनंदीबाईंच्या वेळीच तार कशी सुटते? दुसऱ्याने दगडूच्या मेहुण्याचं नाव काढलं, तो म्हणे पलीकडच्या पक्षात उठबस करतो. आठवडाभरात दगडू फितला ही गोष्ट करी रोडपर्यंत पोचली. सभेच्या कामाला त्याला कुणी बोलावेना.

मनमोहनने रेडिओ लावणं सोडलं. बायकोने कारण विचारलं नाही. गच्चीवर वाळत घालायला गेली की ती त्या खांबाकडे पाठ करी, हे मात्र त्याच्या लक्षात आलं होतं.

शेवटी तो आनंदीबाईंकडे गेला. काय बोलायचं ते ठरवून गेला होता. त्यांनी बसायला पाट दिला, चहा टाकला आणि तो तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

“तुमी शिकलेली मानसं, तुमाला ठावं असंल. दगडूनं खरंच तार तोडली का? माझ्या गंगाधराच्या ताटात जेवलाय वो तो. मला रातीची झोप न्हाई.”

“नाही,” मनमोहन म्हणाला. “त्याने नाही तोडली.”

“मग कुनी?”

त्याने कप खाली ठेवला. ठरवलेलं वाक्य जिभेवर आलंच नाही. “मी समितीत सांगतो,” एवढं म्हणून तो उठला, आणि चहा अर्धा राहिला हे त्याला रस्त्यावर आल्यावर आठवलं.

तो तसाच समितीच्या खोलीवर गेला. पुढच्या सभेची बोलणी चालली होती, आठदहा माणसं होती. मनमोहनने उभ्याउभ्याच सांगितलं. जोड होता, मीच दिला होता, दगडूचा काही दोष नाही.

मग अप्पांनी चष्मा काढला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मनमोहनराव, तुम्ही असलं काहीतरी करणार हे मला वाटलंच होतं. एका गरिबाचं नाव खराब होऊ नये म्हणून स्वतःवर घेताय. अहो, पण जोडाने आवाज जातो हे आम्हाला शिकवलं कुणी? तुम्हीच ना? तुम्ही जोड द्याल होय?”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, अशी माणसं आहेत म्हणून चळवळ उभी आहे. मनमोहनने गच्चीवरच्या तारेचं सांगायला तोंड उघडलं. पण सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि ते बघणं त्याला, एक क्षणच, बरं वाटलं. तेवढ्यात अप्पांनी विषय बदलला. पुढच्या सभेची सगळी व्यवस्था मनमोहनरावांकडे, असं ठरलंसुद्धा.

तो बाहेर आला तर गॅलरीत दगडू उभा होता. समितीची पक्कड आणि हातोडी परत द्यायला आला होता; दोन्ही फडक्यात गुंडाळून काखेत धरलेली. दार अर्धवट उघडंच होतं. त्याने सगळं ऐकलं होतं.

मनमोहनला त्याच्याकडे बघवेना. तो कठड्याला धरून उभा राहिला. खालच्या नळावर बायका भांडी घासत होत्या.

“दगडू,” तो म्हणाला, “तू त्याच दिवशी ओळखलं होतंस.”

“साहेब, जोड हाताला लागतो. पट्टीसुद्धा नवी होती.”

“मग बोलला का नाहीस?”

आतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला.

“तुम्ही बोललात, तर काय झालं ते बघितलंत ना?” तो म्हणाला. “मग माझं कोण ऐकणार होतं?”

जिना चार पावलांवर होता. दगडूने त्या जिन्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“साहेब, परत एकदा सांगा. सगळं सांगा. या वेळी मी येतो आत.”

हे म्हणताना त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या कामाला दोन माणसं लागतात एवढंच सांगावं, तसं तो म्हणाला. मनमोहनने कठडा सोडला. दगडूने काखेतलं फडकं दुसऱ्या हातात घेतलं, अर्धवट लोटलेलं दार पूर्ण उघडलं, आणि मनमोहनला आधी आत जाता यावं म्हणून तो बाजूला सरकला.