चित्रांच्या डब्यातून बाहेर

मुलांनो, असं समजा की तुम्ही माझ्यासोबत केळझरजवळच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आला आहात. टेबलावर विटेएवढा एक पांढरा डबा आहे. वाचनालयाच्या वायफायला मोबाइल जोडला की गावाला या डब्यातले धडे, गोष्टी, गाणी मिळतात. अशा यंत्राला सर्व्हर म्हणतात. डब्यासमोर निवृत्त शिक्षक सदाशिवराव गुरुजी बसले आहेत आणि नववीतली रुपा त्यांना डब्याचा पासवर्ड मागते आहे.

तिने तो आधीही मागितला होता. तेव्हा गुरुजी म्हणाले, पोळा होऊ दे. मग म्हणाले, तुझी परीक्षा होऊ दे.

डबा नवशिक्यांसाठीच केलेला. रंगीत चित्रं दाबायची, बाकीचं तो आपला आपण करायचा. गुरुजी तो म्हातारपणी शिकले आणि त्यांनी रुपाला शिकवला. बायको गेल्यापासून दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं माणूस म्हणजे शाळा सुटल्यावर येणारी ही पोरगी. रोज काहीतरी विचारायची. अलीकडे तिचे प्रश्न डब्याच्या चित्रांत मावेनात, आणि गुरुजींच्या उत्तरांतही.

त्यात ते गाण्याचं झालं. रुपाची आजी गंगाबाई गोंडीत गायची. रुपाने तिची गाणी डब्यात ठेवली. त्यात मयताचंही एक होतं. पुढे एका घरी हळद लागत असताना कुणीतरी मोबाइलवर नेमकं तेच लावलं आणि पोरं त्यावर नाचली. आजी कुणावर रागावली नाही. फक्त गायची थांबली. ते गाणं पुसावं, तर घरच्यांना ते हवं होतं. पण डब्याचा कप्पा उघडा म्हणजे सगळ्यांना उघडा. एकाच गाण्याला कुलूप लावणारं चित्र त्यात नव्हतं.

म्हणून रुपाने शाळेने अडगळीत टाकलेला संगणक मागून आणला आणि त्यात लिनक्स ही संगणक चालवणारी फुकट प्रणाली घातली. काळा पडदा, नुसती अक्षरं; पण हव्या त्या एकाच गाण्याला कुलूप लावता येई. आता डब्यातलं सगळं तिकडे न्यायचं होतं, आणि त्याला डब्याचा पासवर्ड लागणार होता.

"काऊन, याच्यात का कमी हाय?" गुरुजींनी विचारलं.

"कमी नाई जी गुरुजी. याच्यावरच त शिकली मी. पण मले पाह्यजे थे याच्यात होत नाई."

"मले थो काळा पडदा समजत नाई, रुपा."

पासवर्ड दिला की या खोलीत तिला विचारण्यासारखं काही उरणार नाही, हे गुरुजींना कळत होतं. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि पासवर्ड टाकला.

काम झाल्यावर तिने मोबाइलवर दाखवलं. बाकीची गाणी लगेच वाजत होती, मयताचं ते एक मात्र आधी नाव आणि पासवर्ड विचारत होतं. मग तिने डबा बंद केला. त्याच्या पंख्याची घरघर थांबली तशी खोली एकदम मोठी वाटू लागली. गुरुजींनी पिशवी उचलली.

"बसा ना जी. तुमचं नाव टाकलं याच्यात. तुमचा नवा पासवर्ड तुमीच ठरवून टाका."

गुरुजी काळ्या पडद्यासमोर बसले. एकेक बटण दाबू लागले. पडद्यावर अक्षर उमटेना, साधा ठिपकाही नाही. त्यांचा हात थबकला.

"काईच दिसून नाई राह्यलं, बाई."

"पासवर्ड टाकताना दिसतच नाई थे. पण पोचते. टाकत राहा."

एवढं बोलून रुपा उठली, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, आणि बटणांचा आवाज थांबेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.