शेवटचा हात

आपल्या पश्चात कसे होईल, या चिंतेने पोखरलेल्या माणसांची खरी धास्ती बहुधा वेगळीच असते: आपल्या पश्चात काहीच बिघडणार नाही, ही. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना ती अजून उमगली नव्हती. डॉक्टरांनी हृदयाचे नाव काढल्यापासून ते मोठ्या उदात्त चेहऱ्याने ‘मागची सोय’ लावू लागले होते.

“महिनाभर मी मेलो असं समजायचं,” त्यांनी मुलीला बजावले. “मला काही विचारायचं नाही. निभावलंस तर दुकान तुझं. नाहीतर आहेच हा.”

‘हा’ म्हणजे पुतण्या. गल्ल्यावर बसून तो काकांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत असे.

“मेलेले जेवायला घरी येणार ना, बाबा?” मुलीने विचारले. “स्वयंपाकाचा अंदाज यायला बरं.”

डोळे तपासणे, काचा घासून बसवणे हे सारे एव्हाना मुलगीच करी. शेवटचा हात मात्र मालकांचा. दांडी गरम करायची, गिऱ्हाइकाच्या कानाकडे एक नजर टाकून ती वाकवायची आणि “झालं!” म्हणायचे. कुठे टोचते का, हे विचारणे त्यांच्या लेखी अडाण्याचे काम. चार दिवसांनी गिऱ्हाईक परत येई. ते पुन्हा वाकवत, पैसा घेत नसत, वर ख्यालीखुशाली विचारत. असे परतून येणारे लोक हीच आपली आयुष्याची पुण्याई, असे ते सांगत.

मरणाचा महिना त्यांनी समोरच्या न्हाव्याकडे काढला. तिथल्या आरशात आपले दुकान, उलटे का होईना, स्वच्छ दिसे. मुलगी गिऱ्हाइकाला मान खाली घालायला लावी, हसायला लावी, पुन्हा पुन्हा विचारी. चष्मा घेऊन गेलेला माणूस मात्र फिरून उंबऱ्याशी दिसेना. महिना सरताना मालकांच्या चेहऱ्यावर तृप्ती पसरली.

“बघितलंस? माझ्यामागे कुत्रं फिरकायचं नाही तिथे. एक माणूस परत आला नाही!”

“टोचत नसेल तर येतील कशाला, मालक?” न्हाव्याने वस्तरा पुसत म्हटले. “तुमच्याकडून निघाले की इथे बसून कान चोळायचे. तुम्हाला राग येईल म्हणून कोण बोलणार? हा माझाच बघा.” त्याने कान पुढे दुमडला. मागे जुना, काळा पडलेला वळ होता.

पुण्याई इतक्या जवळून त्यांनी प्रथमच पाहिली.

संध्याकाळी त्यांनी दुकानाची किल्ली पुतण्याच्या हातात ठेवली.

“माझं काय चुकलं?” मुलीने विचारले.

“माणसं तोडलीस. एकही परत आला नाही.”

“का आला नाही, ते ठाऊक आहे तुम्हाला.”

“दुकानाची रीत याच्याकडे आहे.”

“असेल. मग तुमचाही चष्मा द्या त्याच्याकडे. तो मी बसवलाय.”

आता माघार घेणे म्हणजे कबुली. मालकांनी चष्मा काढून दिला. पुतण्याने दांडी तापवली, काकांच्या कानाकडे एक नजर टाकली, वाकवली.

“झालं!”

मालकांनी चष्मा चढवला. दांडी कानामागे रुतली. मुलगी कामाचा कोट खुंटीला लावून पायऱ्या उतरत होती.

“कसा बसलाय, काका?”

“उत्तम,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. काकांना आनंद झाला, असे पुतण्या त्या दिवसापासून गावभर सांगू लागला.