बोटभर फट

मी एक पडदा आहे. नाटकातला नव्हे, तो उघडला की टाळ्या पडतात. दिवाणखान्यातलाही नव्हे, त्याला सोफ्याच्या रंगाशी जुळवून घ्यावं लागतं. माझं काम एकच, उजेडाला आत येऊ द्यायचं नाही. मी ते चोख करतो तेव्हा मी कुणाला दिसतच नाही. ही तक्रार नाही हं. आपलं सांगतोय.

माझा जन्म एका शिंप्याच्या मशीनवर झाला. एका बाजूनं काळं जाड कापड, दुसऱ्या बाजूनं गडद तांबडं, आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून खालच्या दुमडीत शिवलेली बारीक लोखंडी साखळी. मला शिवताना सुई मोडली तेव्हा शिंपी वैतागला.

"एवढं जाडजूड कशाला हो? काय लपवायचंय?"

"अंधार," माझे मालक शांतपणे म्हणाले. "फार नाजूक असतो तो."

मालकांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे बाकडं, आरसा आणि ग्राहकांना भांग पाडण्यासाठी दोरीला बांधलेला कंगवा. मागे कपाटाएवढी डार्करूम. तिच्या दारावर मी. आत एक लाल दिवा जळायचा, तीन ट्रेंमध्ये केमिकल असायचं आणि त्याचा आंबूस वास माझ्या धाग्याधाग्यात मुरायचा. मालक कोरा कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडायचे आणि ट्रे हलके हलके डुलवत राहायचे. जरा वेळानं कागदावर कुठून तरी भुवई उगवायची. मग नाक. मग अख्खा माणूस, शर्टाच्या बटणांसकट.

त्यांची एक मुलगी होती. शाळा सुटली की दप्तरासकट स्टुडिओत. तिला कशालाच दम धरवायचा नाही, म्हणून मालक तिला घाईताई म्हणायचे. स्टुलावर बसून ती ट्रेमध्ये नाक खुपसायची. "बाबा, आलं का? बाबा, कुठाय? बाबा, याचं डोकंच नाही आलं!"

"येतंय ते," मालक म्हणायचे. "आपण फक्त मध्ये यायचं नाही."

ती बाहेर असली की नियम होता. मला हात लावायच्या आधी विचारायचं, आणि आतून "ये" आल्याशिवाय आत यायचं नाही. पण विचारायचं लक्षात राहील ती घाईताई कसली! तिनं माझी कड धरली रे धरली की साखळी किणकिणायची आणि आतून मालकांचा आवाज यायचा, "थांब!" तो शब्द असा काही येई, की पोरगी होती त्या पायावर थिजायची. कधी कधी एक पाय वर.

एका दुपारी मात्र "थांब" यायला क्षणभर उशीर झाला. तिनं कड बोटभर उचलली, नुसतं डोकावण्यापुरती. उजेडाची एक पट्टी आत घुसली, ट्रेवर पडली, आणि अर्धा उमटलेला कुणाचा तरी चेहरा बघता बघता काळा पडला. पोरगी रडायच्या बेतात. मालक रागावले नाहीत. त्यांनी तो काळा कागद धुतला, वाळवला आणि स्टुडिओत इतर फोटोंच्या ओळीत टांगला. खाली पांढऱ्या शाईनं लिहिलं, 'घाईताई'. कुणी विचारलं की सांगायचे, "आमच्या कन्येचा फोटो. अगदी हुबेहूब आलाय."

ते दिवस आठवले की अजून माझ्या शिवणी सैल होतात.

मग फोटो खिशातल्या फोनमध्ये शिरले. अंधाराची कुणाला गरज उरली नाही. लाल दिवा गेला, ट्रेंमध्ये काही दिवस कुंड्या ठेवल्या गेल्या, आणि मालकांनी मला घडी घालून, डांबराच्या गोळ्यांसकट, लोखंडी पेटीत ठेवलं. पेटीत अंधार होता, पण सांभाळायला काही नव्हतं. आतला अंधार आणि मी, दोघंही बेकार. किती वर्षं गेली कोण जाणे.

पेटी उघडली तेव्हा मालकांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला पिशवीत कोंबलं आणि दोन बस बदलून एका चौथ्या मजल्यावरच्या घरी आणलं. दारावर चिकटपट्टीनं कागद लावला होता : 'बेल वाजवू नये. दार ठोठावू नये. फोन करू नये.' मालक बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी हलकेच खोकून पाहिलं.

दार उघडलं घाईताईनं. मी तिला वासावरून ओळखणार होतो, पण आता तिच्या अंगाला दुधाचा वास येत होता. केस कसेतरी बांधलेले, खांद्यावर ओला रुमाल. ती आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. ट्रेमध्ये नाक खुपसण्याचा तेवढा परिणाम झाला होता. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती आणि रजा संपत आली होती.

"बेल काढून ठेवलीय," ती कुजबुजली. "काल हा तासभर जिन्यात बसून होता. फोनपण मीच बंद केलेला."

'हा' म्हणजे तिचा नवरा. तो मागून म्हणाला, "जिन्यात मस्त झोप लागली मला. घरात एवढीसुद्धा लागत नाही."

सगळ्या घराला वेठीला धरणारा होता तो तिचा मुलगा. बापानं त्याचं नाव साहेब ठेवलं होतं, कारण तो बोलवेल तेव्हा हजर व्हावं लागे. साहेबांची खोली उगवतीच्या बाजूला. खिडकीवर पिवळा, झिरझिरीत, जिराफांचा पडदा. गोंडस होता बिचारा, पण उजेड अडवण्याच्या बाबतीत अगदीच भोळा. फटफटलं की साहेब उठायचे आणि घराला उठवायचे. मग डुलक्यांचंही तंत्र बिघडायचं. दुपारी डोळा लागला म्हणेस्तोवर जाग, आणि उठल्यावर अर्धवट झोपेची किरकिर संध्याकाळपर्यंत. घाईताईनं काचांना स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल चिकटवून पाहिली होती. "खालून बघितलं तर वाटतं, आपण आत बटाटे भाजतोय," नवरा म्हणाला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. फोनवर एक जण सांगे, दुपारची झोप कमी करा. दुसरा सांगे, कमी केलीत तर संपलात. सासूबाई म्हणत, "आमची पोरं भांड्यांच्या खडखडाटात झोपायची." घाईताई सगळ्यांचं ऐकायची आणि प्रत्येक वेळी एकाच निष्कर्षाला यायची, की चुकतंय ते तिचंच.

मालकांनी मला पिशवीतून काढलं. तिनं माझ्यात तोंड खुपसलं आणि मोठा श्वास घेतला. "बाबा! अजून वास आहे याला!"

मी टांगला गेलो. काळी बाजू सूर्याकडे, तांबडी आत. दुसऱ्या दिवशी पहाट माझ्या पाठीवर आदळली आणि तिथेच थांबली. कितीतरी वर्षांनी पाठीला ऊन लागलं, काय सांगू! साहेब उजाडल्यावरही झोपून राहिले. नवऱ्यानं माझ्यासमोर उभं राहून हात जोडले. मी थोडा फुगलोच.

पण दुपारची डुलकी काही लांबेना. रजा संपण्याआधी पाळणाघरातल्या मावशींनी स्पष्ट सांगितलं होतं, "दुपारी झोपत नसेल तर अवघड आहे हो. एक रडला की माझी सगळी उठतात. आठवडाभर बघू, नाही जमलं तर दुसरीकडे बघा." आणि दुसरीकडे कुठे जागा नव्हती. म्हणजे साहेबांची झोप नाही, तर आईचं कॉलेज नाही, एवढं सरळ होतं ते.

डुलकी का मोडते हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आपल्याला तोंड नाही याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झालं.

व्हायचं असं. बाळ झोपायचं. घाईताई दाराबाहेर कान लावून बसायची. थोड्या वेळानं बाळ चुळबुळायचं, जरा कण्हायचं, पाय झाडायचं. झोपेचा एक फेरा संपून दुसरा सुरू होण्याच्या मधली ती जागा. अजून तळ्यात, अजून मळ्यात. ती चवड्यांवर आत यायची. पण माझ्यामुळे आत अंधार! उठलंय की झोपलंय, श्वास चाललाय की नाही, काही दिसायचं नाही. मग ती खिडकीशी यायची आणि माझी कड उचलायची. बोटभर. नुसतं डोकावण्यापुरती. उजेडाची पट्टी सरळ साहेबांच्या पापणीवर.

"अगं बाई, उठलास पण? एवढ्यात?"

उठणार नाही तर काय करेल! रोज हेच. किणकिण, पट्टी, डोळे टक्क. आणि संध्याकाळी फोनवर मैत्रिणीला सांगायची, "पडद्याचा सकाळी उपयोग होतो गं, दुपारी मात्र काही नाही." मी लटकून ऐकत राहायचो.

रजेच्या शेवटच्या आठवड्यात मालक राहायला आले. एका दुपारी बाहेरच्या खोलीत घाईताई नवऱ्याला म्हणाली, "मी कळवून टाकते कॉलेजला. नाही जमत मला. वर्गात सगळ्यांना सांभाळते, आणि हा एक झोपवता येत नाही."

"अगं, आठवडा तर बघू."

"काय बघू? रोज बघतेच आहे ना! दुसरं काय करतेय मी?"

ते बोलत होते तेव्हा मालक आत, साहेबांच्या खोलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. 'बाळाकडे बघतो' म्हणून गेले होते, आणि दोघंही घोरत होते; आजोबा जास्त. समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतलेलं दुपारचं ऊन माझ्या पाठीवर तापलं होतं. जिथे माझं काळं कापड विरलं आहे तिथून ते झिरपून तांबड्यात उतरत होतं, आणि खोलीत अगदी मंद लाल झाक पसरली होती. मला क्षणभर वाटलं, ट्रे कुठे गेले?

साहेब चुळबुळले. कण्हले. दार हळूच उघडलं. घाईताई खिडकीशी आली, तिनं माझी कड धरली. साखळी किणकिणली.

"थांब!"

मालक जागे नव्हतेच. डोळे मिटलेले, मान कलती, पुटपुटल्यासारखा आवाज. पण तो शब्द तोच होता, आणि तसाच अंधारातून आलेला. घाईताई थिजली. माझी कड हातात, एक पाय वर.

साहेबांनी पाय झाडले. "ऊं" केलं. तिची बोटं माझ्यावर आवळली. तिचा घाम मला लागला. साहेबांनी डोकं एकीकडून दुसरीकडे फिरवलं, मूठ तोंडाशी नेली, ती नाकावर आदळली, पुन्हा नेली. रडणार, आता रडणार, असं त्यांचं तोंड वाकडं झालं. तिनं पाय खाली टेकवला, पण कड उचलली नाही. अंगठा सापडला. चुपचुप आवाज झाला, मग मंदावला. पोट वर, पोट खाली. लाल अंधारात हळूहळू एक चेहरा पुन्हा उमटत गेला, झोपलेला.

माझी कड तिच्या हातातून सुटली. ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिनं पदरासारखा मला तोंडात धरला, हसू बाहेर पडू नये म्हणून. की रडू, ते माझ्या ओल्या झालेल्या कोपऱ्याला ठाऊक.

मालक जागे झाले. "काय झालं गं?"

"बाबा," ती कुजबुजली, "मीच उठवत होते त्याला."

मालकांना अजून नीट कळलं नव्हतं. त्यांनी झोपलेल्या नातवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. "तुझा तो फोटो ठेवलाय मी," ते म्हणाले. "काळा."

साहेब बराच वेळ झोपले. इतका, की घाईताईला काय करावं सुचेना. तिनं चहा केला आणि तो गरम असताना प्यायला विसरली, कारण तशी सवयच राहिली नव्हती.

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दात येताना साहेबांनी घर पुन्हा डोक्यावर घेतलं, आणि तीही अधूनमधून माझ्या कडेशी येऊन उभी राहायची. पण उभी राहायची, एवढंच. पाळणाघरात ती धास्तावून मला घेऊन गेली, तर मावशी म्हणाल्या, "हे कशाला? इथे लख्ख उजेड, त्यात दंगा. तरी झोपतो की तुमचा! आई दिसत नाही ना, म्हणून." घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "आनंद झाला रे मला. पण जरा रागही आला." आणि सोमवारी ती कॉलेजात गेली.

आता साहेब शाळेत जातात आणि सकाळी त्यांना हलवून उठवावं लागतं. खिडकीवर जिराफ परतलेत. मी दोन खुर्च्यांवर आडवा पडलेला असतो. साहेबांची गुहा म्हणून. माझी काळी बाजू करडी झालीय, एका टोकाला जॅम लागलाय. मालकांची नजर अधू झालीय. "आता सगळीकडेच डार्करूम," असं हसून म्हणतात, आणि गुडघे धरत धरत नातवाबरोबर माझ्याखाली शिरतात. आत दोघांची काय खलबतं चालतात ती मी बाहेर फोडणार नाही.

काल घाईताई कॉलेजातून आली. चप्पल काढता काढता तिनं गुहेतली कुजबुज ऐकली आणि वाकून माझी कड धरली. साखळी किणकिणली.

"थांब!" आतून साहेब ओरडले. आजोबांचाच सूर, फक्त बारीक.

ती थांबली. पर्स खांद्याला तशीच, एक चप्पल पायात. आतून आजोबांचं दबकं हसू आलं. ती डोकावली नाही. जमिनीवर बसली आणि माझ्यावर हलकेच पाठ टेकली.

माझं मागणं काही मोठं नाही. मला धुवू नका, वास जाईल. आणि माझी कड धरणाऱ्यांनो, "ये" येईपर्यंत अशीच पाठ टेकून बसा. मला तुमचं ओझं होत नाही.