बोलक्या पाटीचा सेल

ठमीच्या फोटोत काहीच नव्हतं. ना घशात, ना पोटात. दादाचा जीव भांड्यात पडला आणि वहिनी दवाखान्याच्या भिंतीला टेकून रडायला लागली. माझा जीव मात्र टांगणीलाच. घर उलथंपालथं करूनही सेल सापडला नव्हता.

शर्टाच्या बटणाएवढा सेल, दादानं आणलेल्या बोलक्या पाटीतला. पाटी अक्षरं बोलते, आकडे बोलते, पोरीला हुशार करते म्हणे. ती आली आणि ठमीच्या बाहुल्या, डबे, झाकणं पोत्यात भरून माळ्यावर गेली. नुसता पसारा, दादा म्हणाला. मी भांडले तर म्हणाला, तुला पोर ना बाळ, तुला काय कळतंय.

आज सकाळी पाटी मुकी झाली. मागचं झाकण उघडं, सेल गायब. असा सेल घशाखाली अडकला तर दोन तासांत आतून जाळतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. दादा ठमीला दरडावत होता, गिळलास ना? ती हो म्हणाली. नाही ना गिळलास? त्यालाही हो. तीन वर्षांचं पोर, दुसरं काय म्हणणार.

घरी जाऊन पुन्हा शोधा, म्हणाल्या बाई. दादा उठला. मी ठमीला घेऊन फरशीवरच बसले, रुमालाला गाठ मारली आणि त्याची बाहुली केली.

"आत्याबाई, खेळ घरी गेल्यावर," दादा म्हणाला.

मी लक्ष दिलं नाही. ठमीला म्हटलं, "अहो डॉक्टर, आमची बाहुली आजारी आहे."

तिनं बाहुलीच्या कपाळाला हात लावला, वहिनी लावते अगदी तसा. मग रिकामी चिमूट बाहुलीच्या तोंडाशी नेली. "गोळी घे. आ कर." वरून गळाही चोळला. "बाळानं पण घेतली. रडलं नाही. शहाणं बाळ."

बाळ, ठमीचं धाकटं भावंड, घरी होतं, माझ्या आईजवळ. वहिनीनं फोन लावला. आई म्हणाली, झोपलंय, पण सकाळपासून नुसती लाळ गळतेय, दात येत असतील. पाजू नका काही, उचला आणि आणा, डॉक्टरीणबाई ओरडल्या.

दादाचा हात ठमीवर उठला. मी मनगट धरलं.

"मार. म्हणजे पुढच्या वेळी ती काहीच दाखवणार नाही," मी म्हटलं. "बाहुल्या तू कोंबल्यास पोत्यात. मग गोळी द्यायची कुणाला? घरात एक बाळच उरलं होतं."

बाळाच्या फोटोत, छातीच्या वरच्या अंगाला, पांढरी गोल टिकली दिसली. त्याला आत नेलं. दार लागलं. ठमी बाहुलीला थोपटत होती. आम्ही कुणीच कुणाकडे बघत नव्हतो.

दार उघडलं तेव्हा बाईंच्या हातातल्या वाटीत काळवंडलेला सेल होता. आत भाजलंय, काही दिवस इथंच राहावं लागेल, पण वेळेत आलात, त्या म्हणाल्या.

वहिनी आत धावली. दादा मटकन खाली बसला, थेट फरशीवर. ठमीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि रिकामी चिमूट पुढे केली.

"आ कर."

त्यानं तोंड उघडलं.