साउ मावशीच्या अंगणाखालचा शिंपला

मित्रांनो, मी एक जुना शिंपला आहे. आता अर्धाच उरलोय. बाकीचा कसा गेला ते सांगतो, पण गोड करून सांगणार नाही.

मेकाँग नदी समुद्राला मिळते तिथल्या चिखलात मी जन्मलो. जगलो तोवर पाण्यातला कार्बन माझ्या कवचांत मुरत राहिला. मी मेलो, वर गाळ साचला, गाळाची जमीन झाली. तिच्यावर नारळ आले, मग माणसं आली.

शेवटी खिएम सर आले. नदीमुखाची ही जमीन कधी आणि कशी तयार झाली, हे त्यांना शोधायचं होतं. साउ मावशीच्या अंगणात त्यांनी लांब नळी ठोकली आणि मला खोलातून उपसलं. मावशीने सगळ्यांना माशाची आंबट आमटी आणि भात वाढला. वाढता वाढता विचारलं, की लेकीसाठी विटांची खोली इथे नदीकाठी बांधू, की मागे वाळूच्या टेकाडावर दिराच्या जागेत?

सर हसले. "मावशी, ही जमीन तुमच्या पणजीहून म्हातारी. ती कुठे जातेय?"

"आमचे हे पण असंच म्हणायचे, मी कुठे जातोय. गेले की नाही?"

प्रयोगशाळेत माझं एक कवच आम्लात टाकलं. ते फसफसून विरघळलं. त्यातून निघालेल्या वायूतला कार्बन त्यांनी मोजला. कार्बनचा एक प्रकार आपण मेल्यावर ठरल्या गतीने घटत जातो. किती उरलाय, त्यावरून वय निघतं. माझं निघालं जेमतेम चारशे वर्षं. इतक्या खोलात इतका कोवळा! सर समजले. इथे नदीचाच एक फाटा होता, तो गाळाने भराभर बुजला होता. मावशीचं घर त्या मऊ चिखलावर होतं, आणि नदी काठ खात पुन्हा तिकडेच सरकत होती.

त्यांची मदतनीस हान म्हणाली, मावशीला कळवू या.

"आधी लेख छापून येऊ दे," सर म्हणाले. "बोभाटा झाला तर दुसराच कुणीतरी स्वतःच्या नावावर खपवेल."

मावशीने नदीकाठी खोली बांधली. एका दुपारी तिची लेक दिएम तिथे झोपली असताना काठ खचला. खोली गेली, दिएम गेली. हाती लागली फक्त चटई.

सर दिएमच्या नावाने उदबत्ती लावायला आले. मावशीने विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

"नव्या वर्षाच्या सणाआधी."

"विटा मी सणानंतर आणल्या."

ती रडली नाही. त्यांनी लावलेली उदबत्ती राखेच्या भांड्यातून उपटून तिने त्यांच्या हातात दिली.

लेख छापून आला. त्यात माझा फोटो आहे, माझी तारीफ आहे. मावशीच्या अंगणाला क्रमांक आहे. दिएमचं नाव कुठेच नाही.

मित्रांनो, खूप शिका, खणा, मोजा. आम्हाला जाळा, विरघळवा, आम्ही मेलेलेच आहोत. पण ज्याच्या अंगणात खणलंत, त्याला उत्तर सगळ्यात आधी सांगा. तेवढं जमणार नसेल, तर आम्हाला चिखलातच राहू द्या.