उलट्या पानाखालच्या बिया

प्रश्न बावीस : तुमच्या जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाला शिक्षा झाली आहे काय? असल्यास गुन्हा लिहा.

*

तिखटाचा फवारा डोळ्यांत गेल्यावर डोळे चोळायचे नसतात. आधी समोरच्याला बेड्या घालायच्या. मग रडायचं.

*

हिकरीच्या झाडाचं पान उलटं ठेवायचं, वर चपटा खडा. म्हणजे वारा आला तरी हलत नाही.

*

आईने ते भांडं घासून, पुसून हॉबर्ट टीगच्या ओसरीच्या पायरीवर परत ठेवलं. आतलं चिकन आणि डंपलिंग आमच्या कुत्र्याने खाल्लं होतं.

*

ट्रक हिरवा होता. मागच्या आरशात तडा होता, पण दिसायचं सगळं.

*

आता सरळ सांगते.

माझा बाप लॉनी मेसर आणि हॉबर्ट टीग पंचवीस वर्षं एकत्र जिनसेंग खणायचे, औषधाची महाग मुळी. आमच्या खोऱ्यात सप्टेंबर म्हणजे तेच. बिया लाल झाल्या की पुरुष माणसं धार लावलेला लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन डोंगरात जातात आणि संध्याकाळी मुळ्यांची गोणी घेऊन उतरतात. डोंगराच्या धारेवर हद्द आहे. अलीकडे सरकारी जंगल. परवाना असला की खणता येतं. पलीकडे राष्ट्रीय उद्यान. तिथे एक मुळीसुद्धा गुन्हा. बापाकडे परवाना होता. पलीकडची एक जागा त्याने मला दाखवली होती, बीच वृक्षांखालची, चार-चार फांद्यांची जिनसेंगची जुनी झाडं. ही डोळ्यांनी खायची जागा, तो म्हणायचा. हॉबर्टकाकालाही ती ठाऊक होती.

मी तेरा वर्षांची होते. ट्रकमध्ये बसून सँडविच खात होते. खालच्या वळणावर उद्यानाच्या रेंजरची गाडी दिसली तेव्हा बाप ओढ्यावर हात धुवायला गेला होता. हॉबर्टकाकाने आपली गोणी आमच्या ट्रकमध्ये टाकली, बापाच्या कोटाखाली. मी आरशात पाहिलं.

रेंजरने गोणी काढली. मुळ्यांवर चोरी ओळखण्यासाठी लावलेला रंग होता, म्हणजे उद्यानातल्या. बाप म्हणाला, माझी नाही. रेंजरने हॉबर्टकाकाला विचारलं. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि सांगितलं, मला काही ठाऊक नाही. मी सांगितलं, मी पाहिलं. रेंजरने माझ्या डोक्यावर थोपटलं.

सहा महिने. ट्रक जप्त. गिरणीतली नोकरी गेली. सुटून आल्यावर बाप तीन वर्षं जगला. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं. आई म्हणाली हॉबर्ट.

दफनाच्या दिवशी तो भांडं घेऊन आला. ते वर आलंच आहे.

*

प्रश्न एकतीस : तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?

मी लिहिलं, निसर्गाची आवड.

*

अकादमी सतरा आठवड्यांची. बंदूक, बेड्या, निसरड्या रस्त्यावर गाडी, प्रथमोपचार, कायदा. वर्गातल्या मुलांना वाटायचं, रेंजर म्हणजे टोपी घालून पर्यटकांना अस्वलं दाखवणारा माणूस. पहिल्याच आठवड्यात एक जण बेड्या घालायला शिकताना स्वतःच अडकला आणि किल्ली सापडेपर्यंत त्याला कॉफी भरवावी लागली. मी हसले नाही. मला त्या बेड्यांत एकच मनगट दिसत होतं.

अहवाल लिहायला मिसेस पुलियम शिकवायच्या. निवृत्त पोलीस, चष्मा दोरीला. त्यांचं एकच वाक्य होतं आणि त्या ते फळ्यावर रोज लिहायच्या :

जे लिहिलं नाही, ते घडलं नाही.

शेवटी पूर्वचौकशी होते. एक अधिकारी तुमच्या गावात फिरतो, शेजाऱ्यांना विचारतो, ही कशी आहे, पिते का, खोटं बोलते का. आमच्या खोऱ्यात शेजारी पाच. त्यातला एक हॉबर्ट. महिनाभर मला झोप नव्हती. बापाची शिक्षा मी फॉर्मवर लिहिलीच होती. त्यावर हॉबर्ट दोन शब्द वाकडे बोलला असता तरी खेळ संपला असता. एप्रिलमध्ये पत्र आलं. निवड झाली. कोण काय बोललं ते मी तेव्हा विचारलं नाही.

*

मॅक्नील माझी वरिष्ठ. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, इथल्या खणणाऱ्यांना ओळखतेस का? मी म्हटलं, इथे सगळेच सगळ्यांना ओळखतात. ती म्हणाली, मग हे काम तुझंच.

काम असं. मुळी हलकेच उकरायची, तिच्या मानेला पूड लावायची, माती परत सारायची. पूड धुऊन जात नाही. खास दिव्याखाली नारिंगी चमकते. माझ्या वाट्याला चार जागा होत्या. बीच वृक्षांखालची जागा मी शेवटी ठेवली. सत्तेचाळीस मुळ्या. प्रत्येकीला पूड लावताना मी हॉबर्टचं नाव घेतलं. देवाचं घ्यावं तसं.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात तिथे नऊ खड्डे सापडले. हल्लीची पोरं सगळं उपटतात आणि बियांसकट पळतात. इथे प्रत्येक खड्ड्यावर हिकरीचं पान होतं. उलटं. वर चपटा खडा. पान उचललं, मातीत बोटभर खाली तीन लाल बिया.

बाप बिया लावून नुसतं पान सारायचा. पान उलटं करून खडा ठेवणारा माणूस आमच्या डोंगरात एकच.

मी पान परत ठेवलं. वर खडाही.

*

तीन रविवार मी रोडोडेंड्रॉनच्या झुडपांच्या जाळीत पालथी पडून होते. रविवारी सकाळी खोरं चर्चमध्ये असतं. तिसऱ्या रविवारी तो आला. एकाहत्तर वर्षांचा, प्रत्येक खड्ड्याला गुडघा वाजत होता. मी बारा मुळ्या होऊ दिल्या. मग उठले.

"डेल्फा होय? मला वाटलं अस्वल."

"हात दिसतील असे ठेवा, मिस्टर टीग."

"मिस्टर टीग! काका म्हणताना आता जीभ भाजते का गं?"

मी हत्यार खाली ठेवायला सांगितलं. त्याने ठेवलं. मी बेड्या घातल्या. मनगट अगदी बारीक झालं होतं, एक खाच जास्त दाबावी लागली. त्याने मान मागे वळवली.

"मी एकही खड्डा मोकळा सोडला नाही. बघ हवं तर. लॉनीचीच शिकवण. तेवढं लिहिशील ना?"

"पाहिलं ते लिहीन."

"बस्स. मग काळजी नाही."

उतरताना मी एकच विचारलं, ती गोणी कुणाची होती. एका फांदीखालून वाकून जात तो म्हणाला,

"पोरी, माझ्यावर तेव्हा आधीच दोन केसेस होत्या."

हे उत्तर नव्हतं. माफीही नव्हती.

*

बिया का महत्त्वाच्या, ते सांगायला हवं. आमच्या न्यायाधीशबाई स्वतः डोंगरातल्या. आदल्याच महिन्यात त्यांनी एकाला नुसत्या दंडावर सोडलं होतं; मॅक्नीलच्या अहवालात एक ओळ होती, आरोपीने बिया परत लावल्या होत्या. हॉबर्टला ते माहीत होतं. मलाही.

अहवाल मी त्याच दुपारी लिहिला. जागा, वेळ, हवामान. एकूण एकवीस खड्डे. बारा मुळ्या ताब्यात, बाराही दिव्याखाली नारिंगी. हत्यार एक. फोटो चौदा, सगळे पान न हलवता काढलेले. एक ओळ उरली होती. मी कॉफी प्यायले. बाहेर पर्यटकांची एक बस येऊन गेली. मी सही केली.

मॅक्नीलने वाचून विचारलं, काही राहिलं तर नाही ना? मी म्हटलं, नाही.

*

कोर्टात हॉबर्टने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो म्हणाला, मी बिया परत लावल्या, बाई, प्रत्येक खड्ड्यात तीन, रेंजर मेसरला विचारा. आणि माझ्याकडे बघून हसला, माझ्या लहानपणी हसायचा तसा.

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं.

मी माझ्या बुटांकडे पाहिलं. पॉलिश नीट झालं होतं.

"माझ्या अहवालात तशी नोंद नाही, युअर ऑनर."

हसू त्याच्या चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, कुठे जायचं ते न कळल्यासारखं. मग त्याला समजलं. त्याच्या बाजूने बोलणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

सहा महिने.

संध्याकाळी मी आईला फोन केला. निकाल सांगितला. तिने विचारलं, जेवलीस का?

*

माझ्या पूर्वचौकशीच्या फाइलमधली नोंद, अकरा मार्च, माझ्या निवडीच्या आधीची. शेजारी हॉबर्ट टीग यांचं म्हणणं : "ती मुलगी खोटं बोलत नाही. बापावर गेली आहे."